स्पॅनिशचा इम्परफेक्ट सब्जंक्टिव्ह: क्रियापद चालवण्याची नेमकी रीत

स्पॅनिशमधील इम्परफेक्ट सब्जंक्टिव्हची, म्हणजे इच्छा, शंका, आज्ञा असे अर्थ मुख्यतः भूतकाळाच्या संदर्भात दाखवणाऱ्या काळाची, रूपे ज्या नियमाने बनतात, त्या नियमाला एकही अपवाद नाही. तरीसुद्धा मराठी विद्यार्थ्यांच्या वह्यांमध्ये तेनिएरा, पिएन्सारा, दिखिएरा अशी भाषेत नसलेली रूपे सतत आढळतात. याचे कारण बहुतेक वेळा एकच असते. विद्यार्थी क्रियापदाच्या मूळ रूपापासून किंवा वर्तमान सब्जंक्टिव्हपासून सुरुवात करतो, आणि जिथून खरोखर सुरुवात करायची ते प्रेटेरिटचे (साध्या भूतकाळाचे) तृतीयपुरुषी अनेकवचन त्याला पक्के येत नसते. म्हणून पुढील टप्पे दिलेल्या क्रमानेच करावेत. विशेषतः दुसरा टप्पा घाईने उरकू नये, कारण बहुतेक चुकांचे मूळ तिथेच असते.

## पूर्वतयारी

लेखातील स्पॅनिश रूपे उच्चारानुसार देवनागरीत दिली आहेत. उच्चार लॅटिन अमेरिकेतील प्रचलित पद्धतीचा धरला आहे, म्हणून ए किंवा इ यांच्या आधीच्या से या अक्षरासाठी आणि सेता या अक्षरासाठी 'स' वापरला आहे. उबे आणि बे या दोन्ही अक्षरांसाठी 'ब', खोता या अक्षरासाठी 'ख' आणि दोन ल जोडून लिहिल्या जाणाऱ्या अक्षरासाठी 'य' योजला आहे. आचे हे अक्षर लिहिले जाते पण उच्चारले जात नाही. वहीत मात्र प्रत्येक रूप रोमन लिपीतच लिहावे, कारण तुबिएरा उबेने आणि उबिएरा बेने लिहितात हे देवनागरीत दिसणार नाही.

वहीच्या एका पानावर चार रकाने आखावेत. पहिल्यात मूळ रूप, दुसऱ्यात प्रेटेरिटचे 'एयोस' (ते) या सर्वनामाचे रूप, तिसऱ्यात त्यातून कापून उरलेला भाग आणि चौथ्यात 'नोसोत्रोस'चे (आम्ही) तयार रूप लिहावे. सहाही पुरुष-वचनांची रूपे लिहिण्याची गरज नाही. नोसोत्रोसचे रूप बरोबर आले की बाकीची पाच सहसा चुकत नाहीत, कारण मुळातील बदल आणि आघातचिन्ह (जोर दाखवणारी स्वरावरची तिरकी रेघ) या दोन्हींची परीक्षा त्या एका रूपात होते.

तपासणी: तेनेर, देसीर, पेदीर, दोर्मीर, लेएर, इर, बेनीर, आसेर, पोनेर आणि त्राएर या दहा क्रियापदांची 'एयोस' रूपे प्रेटेरिटमध्ये न अडखळता सांगता येत आहेत का, ते पाहावे. येत नसतील तर आधी प्रेटेरिट पक्का करावा. कच्च्या प्रेटेरिटवर हा काळ उभा राहत नाही.

वर्तमान सब्जंक्टिव्हचा तक्ता या वेळी समोर ठेवू नये. तिथे आर गटाच्या, म्हणजे मूळ रूप आरने संपणाऱ्या, क्रियापदांना ए आणि एर-इर गटांना आ असा स्वरांचा अदलाबदल होतो. ती सवय इथे आली की आब्लारा या रूपाऐवजी आब्लेरा लिहिले जाते.

## टप्पा १: या रूपाची गरज आहे का, हे आधी ठरवावे

हे रूप बहुधा गौण वाक्यात येते आणि त्याची निवड मुख्य वाक्यातील क्रियापद करते. म्हणून लिहिण्याआधी मुख्य क्रियापद अधोरेखित करून दोन प्रश्न विचारावेत. ते क्रियापद इच्छा, विनंती, आज्ञा, भावना, शंका किंवा नकारार्थी मत व्यक्त करते का? आणि ते भूतकाळात किंवा कंडिशनलमध्ये ('झाले तर अमुक होईल' असा अर्थ दाखवणाऱ्या रूपात) आहे का? दोन्ही उत्तरे होकारार्थी असतील तर गौण वाक्यात इम्परफेक्ट सब्जंक्टिव्ह हवा. पारा के (यासाठी की), सिन के (शिवाय) आणि आन्तेस दे के (आधी) यांच्यानंतर सब्जंक्टिव्ह येतोच, त्यामुळे तिथे फक्त दुसरा प्रश्न उरतो.

मराठी भाषकाची पहिली मोठी चूक इथेच होते. 'त्याने यावे अशी माझी इच्छा आहे' आणि 'त्याने यावे अशी माझी इच्छा होती' या दोन वाक्यांत 'आहे'चे 'होती' झाले, पण 'यावे' जसेच्या तसे राहिले. आपला विध्यर्थ मुख्य क्रियापदाच्या काळाकडे पाहत नाही. स्पॅनिशचा सब्जंक्टिव्ह मात्र पाहतो. पहिले वाक्य 'किएरो के बेन्गा' असे होते आणि दुसरे 'केरीआ के बिनिएरा' असे. मराठीच्या सवयीने 'केरीआ के बेन्गा' म्हणणारा विद्यार्थी सब्जंक्टिव्ह वापरायला विसरलेला नसतो, त्याने तो भूतकाळात नेलेला नसतो. 'यावे', 'करावे', 'असावे' अशी रूपे मनात आली की प्रत्येक वेळी मुख्य क्रियापदाचा काळ बघायचा, ही सवय जाणीवपूर्वक लावून घ्यावी लागते.

कंडिशनलचीही हीच गत आहे. 'तू आलास तर मला आवडेल' या अर्थाने 'मे गुस्तारीआ के बिनिएरास' म्हणतात. अर्थ पुढचा असला तरी मुख्य क्रियापद कंडिशनलमध्ये असल्यामुळे गौण वाक्यात इम्परफेक्ट सब्जंक्टिव्हच येतो. उलट, मुख्य क्रियापद वर्तमानात असूनही गौण वाक्यातील गोष्ट मागची असेल तर हेच रूप येऊ शकते. 'ते खरे होते असे मला वाटत नाही' यासाठी 'नो क्रेओ के फुएरा बेर्दाद' हे वाक्य योग्य आहे.

देसीर या क्रियापदाकडे स्वतंत्रपणे पाहावे. 'दिखो के बेनीआ' म्हणजे आपण येत आहोत असे तो म्हणाला, तर 'दिखो के बिनिएरा' म्हणजे त्याने कुणाला तरी यायला सांगितले. पहिल्यात माहिती आहे आणि दुसऱ्यात आज्ञा. रूप चुकले तर वाक्य अशुद्ध होत नाही, अर्थच बदलतो, आणि म्हणून ही चूक ऐकणाऱ्याच्याही लक्षात येत नाही.

सावधान: दोन्ही वाक्यांचा कर्ता एकच असेल तर सब्जंक्टिव्ह वापरू नये. 'मला जायचे होते' हे 'केरीआ इर' होते. 'तू जावेस असे मला वाटत होते' असे म्हणायचे असेल तेव्हाच 'केरीआ के फुएरास' येते.

सावधान: 'क्वान्दो' (जेव्हा) दिसला म्हणून सब्जंक्टिव्ह लावू नये. घडून गेलेल्या गोष्टीसाठी 'क्वान्दो येगो' असा साधा प्रेटेरिटच येतो. मात्र 'पोहोचल्यावर फोन कर असे त्याने मला सांगितले' यात पोहोचणे त्या वेळी अजून व्हायचे होते, म्हणून तिथे 'क्वान्दो येगारा' हे रूप बरोबर ठरते.

## टप्पा २: प्रेटेरिटचे 'एयोस' रूप काढावे

यो (मी), तू किंवा नोसोत्रोसचे प्रेटेरिट रूप या कामाला चालत नाही. फक्त 'एयोस'चे रूप घ्यायचे. पुढील गट याच क्रमाने पाठ करावेत.

नियमित क्रियापदे. आर गटाला आरोन आणि एर-इर गटांना इएरोन लागते: आब्लारोन, कोमिएरोन, बिबिएरोन. काही आर क्रियापदांच्या 'यो' रूपात लेखनबदल होतो. बुस्के लिहिताना कु आणि उ ही अक्षरे येतात, येगेमध्ये गे या अक्षरानंतर उ येतो, आणि एम्पेसेमध्ये सेताचे से होते. 'एयोस' रूपात मात्र हे बदल नसतात. म्हणून बुस्कारोन, येगारोन, एम्पेसारोन ही रूपे मुळातील अक्षरांनीच लिहावीत आणि पुढे बुस्कारा, येगारा, एम्पेसाराही तशीच.

मूळच बदलणारी क्रियापदे. ही स्वरांप्रमाणे दोन ओळींत लिहिली तर लवकर लक्षात राहतात. उ-कार असलेली ओळ अशी: तेनेर–तुबिएरोन, एस्तार–एस्तुबिएरोन, आन्दार–आन्दुबिएरोन, पोदेर–पुदिएरोन, पोनेर–पुसिएरोन, साबेर–सुपिएरोन, काबेर–कुपिएरोन, आबेर–उबिएरोन. इ-कार असलेली ओळ लहान आहे: केरेर–किसिएरोन, आसेर–इसिएरोन, बेनीर–बिनिएरोन. आन्दारचे आन्दारोन असे रूप स्पॅनिश मातृभाषा असलेल्यांच्या तोंडीही ऐकू येते, पण प्रमाणभाषेत ते चूक आहे. तेनेर, एस्तार आणि आन्दार यांची रूपे उबेने लिहावीत आणि आबेरची आचे व बे या अक्षरांनी.

या क्रियापदांना उपसर्ग लागून बनलेली क्रियापदेही याच ओळींत बसतात. मान्तेनेरचे मान्तुबिएरोन, देतेनेरचे देतुबिएरोन, प्रोपोनेरचे प्रोपुसिएरोन आणि देसासेरचे देसिसिएरोन होते. लांब क्रियापद समोर आले की त्याच्या शेवटी ओळखीचे लहान क्रियापद लपले आहे का, हे आधी शोधावे.

खोता गट. देसीर–दिखेरोन, त्राएर–त्राखेरोन, कोन्दुसीर–कोन्दुखेरोन, त्रादुसीर–त्रादुखेरोन, प्रोदुसीर–प्रोदुखेरोन. इथे खोतानंतर थेट ए येतो, इ येत नाही. दिखिएरोन आणि त्राखिएरोन ही रूपे चूक आहेत, आणि ही एक चूक पुढे सहाही रूपांत जाते.

स्वर बदलणारी इर क्रियापदे. पेदीर–पिदिएरोन, सेर्बीर–सिर्बिएरोन, सेन्तीर–सिन्तिएरोन, प्रेफेरीर–प्रेफिरिएरोन, मेन्तीर–मिन्तिएरोन, दोर्मीर–दुर्मिएरोन, मोरीर–मुरिएरोन. एचा इ किंवा ओचा उ होतो, आणि हे फक्त इर गटातच घडते. मूळच बदलणारी वरची क्रियापदे सोडली, तर आर आणि एर गटांतील क्रियापदांचा स्वर वर्तमानकाळात फुटतो (एचा इए, ओचा उए होतो), पण प्रेटेरिटमध्ये तो शाबूत राहतो. पिएन्सो, बुएल्बो म्हणणारे पेन्सारोन आणि बोल्बिएरोन म्हणतात. त्यामुळे पिएन्सारा किंवा बुएल्बिएरा असे रूप कधीच होत नाही. पेन्सारा आणि बोल्बिएरा हीच रूपे बरोबर.

ये गट. मुळाच्या शेवटी स्वर असेल तर इएरोनमधील इ या अक्षराच्या जागी ये हे अक्षर येते: लेएर–लेयेरोन, क्रेएर–क्रेयेरोन, काएर–कायेरोन, ओईर–ओयेरोन, कोन्स्त्रुईर–कोन्स्त्रुयेरोन. रेईर या गटात नाही, त्याचे रिएरोन होते. एन्ये या अक्षराने संपणाऱ्या मुळांनंतरही इ लिहीत नाहीत, म्हणून रेन्यीरचे रिन्येरोन.

सुटी क्रियापदे. सेर आणि इर या दोघांचेही फुएरोन, दारचे दिएरोन, बेरचे बिएरोन. दार हे आर गटातले असूनही त्याचे रूप एर गटासारखे चालते. दारोन असे लिहू नये.

तपासणी: बेर, बेनीर आणि बिबीर यांची रूपे अनुक्रमे बिएरोन, बिनिएरोन, बिबिएरोन अशी एकमेकांच्या अगदी जवळ आहेत. ती एकाखाली एक लिहून मोठ्याने वाचावीत. क्रेएरचे क्रेयेरोन आणि क्रेआरचे क्रेआरोन, सेन्तीरचे सिन्तिएरोन आणि सेन्तारचे सेन्तारोन या जोड्याही तशाच तपासाव्यात.

## टप्पा ३: फक्त 'रोन' कापावे

आब्लारोनमधून आब्ला उरते, कोमिएरोनमधून कोमिए, दिखेरोनमधून दिखे, लेयेरोनमधून लेये आणि फुएरोनमधून फुए. शेवटी स्वर राहिलाच पाहिजे.

अनेक विद्यार्थी आरा आणि इएरा असे दोन प्रत्यय पाठ करतात आणि संपूर्ण आरोन किंवा इएरोन काढून त्यांच्या जागी ते बसवतात. नियमित क्रियापदांत ही पद्धत निभावून जाते, म्हणून ती चुकीची आहे हे बराच काळ कळतही नाही. खोता गट आला की मात्र तिच्यातूनच दिखिएरा तयार होते आणि इरचे रूप बनवताना विद्यार्थी गोंधळून थांबतो. प्रत्यय एकच आहे आणि तो रा आहे, असे मानूनच पुढे जावे.

## टप्पा ४: प्रत्यय लावावेत

प्रत्यय असे: यो – रा, तू – रास, एल (तो), एया (ती) आणि उस्तेद (आपण) – रा, नोसोत्रोस – रामोस, बोसोत्रोस (तुम्ही) – राइस, एयोस, एयास आणि उस्तेदेस – रान. तिन्ही गटांतील सर्व क्रियापदांना हेच प्रत्यय लागतात.

आब्लार: आब्लारा, आब्लारास, आब्लारा, आब्लारामोस, आब्लाराइस, आब्लारान.

तेनेर: तुबिएरा, तुबिएरास, तुबिएरा, तुबिएरामोस, तुबिएराइस, तुबिएरान.

देसीर: दिखेरा, दिखेरास, दिखेरा, दिखेरामोस, दिखेराइस, दिखेरान.

पेदीर: पिदिएरा, पिदिएरास, पिदिएरा, पिदिएरामोस, पिदिएराइस, पिदिएरान.

पेदीरच्या ओळीकडे नीट पाहावे. प्रेटेरिटमध्ये इ-कार फक्त तृतीय पुरुषात होता; पेदीमोस आणि दोर्मीमोस या रूपांत मूळचा ए आणि ओ तसाच राहिला होता. इथे मात्र सगळी रूपे 'एयोस'पासून बनत असल्यामुळे बदल सहाही ठिकाणी येतो. पेदिएरामोस किंवा दोर्मिएरामोस ही चूक चांगले प्रेटेरिट येणाऱ्यांकडूनच अधिक होते, कारण त्यांना पेदीमोस अगदी घट्ट पाठ असते.

यो आणि एल यांची रूपे सारखीच असल्यामुळे कर्ता संदर्भातून कळत नसेल तर सर्वनाम लिहावे. एरवी स्पॅनिशमध्ये ते गाळले जाते, पण इथे गाळल्याने वाचणारा अडकू शकतो. अर्जेन्टिनामध्ये तूऐवजी बोस म्हणतात, तरी या काळात रूप तूचेच राहते. बोसोत्रोसचे रूप स्पेनपुरते आहे. लॅटिन अमेरिकेतील स्पॅनिश शिकणाऱ्याने ते ओळखता येण्याइतके शिकले तरी पुरते.

## टप्पा ५: आघात आणि आघातचिन्ह

मराठीत शब्दातील कोणत्या अक्षरावर जोर आहे यावरून अर्थ ठरत नाही, त्यामुळे आपला कान या बाबतीत सैल असतो. स्पॅनिशमध्ये मात्र आ-ब्ला-रा यातील 'ब्ला'वर जोर दिला तर इम्परफेक्ट सब्जंक्टिव्ह होतो आणि शेवटच्या 'रा'वर दिला तर भविष्यकाळ. 'केरीआ के आब्लारा' म्हणजे त्याने बोलावे अशी इच्छा होती, आणि 'मान्याना आब्लारा' म्हणजे तो उद्या बोलेल. देवनागरीत दोन्ही सारखेच दिसतात, म्हणून या रूपांचा सराव डोळ्यांनी न करता आवाजाने करावा. आब्लारास आणि आब्लारान यांचेही तसेच. हा धोका प्रामुख्याने आर गटात आहे, कारण एर-इर गटांत सब्जंक्टिव्हचे कोमिएरा आणि भविष्याचे कोमेरा ही रूपे ऐकतानाच वेगळी वाटतात.

लिहिताना आघातचिन्ह सहापैकी फक्त एका रूपावर येते, ते म्हणजे नोसोत्रोसच्या. प्रत्ययाच्या लगेच आधीच्या स्वरावर ते द्यावे: आब्लारामोसमध्ये 'ब्ला'तील आ या स्वरावर, कोमिएरामोस आणि फुएरामोसमध्ये ए या स्वरावर. इए किंवा उए या जोडीतील पहिल्या स्वरावर चिन्ह दिले तर ते चूक ठरते.

तपासणी: वहीच्या चौथ्या रकान्यातील प्रत्येक शब्दावर बरोबर एक आघातचिन्ह आहे का, ते पाहावे. फोनवर टाइप करताना स्वराचे अक्षर दाबून धरले की चिन्हासह असलेले अक्षर निवडता येते.

## टप्पा ६: 'सी'ची वाक्ये जुळवणे

रूप बरोबर आले तरी ते वाक्याच्या चुकीच्या अर्ध्या भागात बसण्याचा धोका उरतोच, आणि जर-तरच्या वाक्यांत मराठी भाषक तिथेच फसतो.

'माझ्याकडे पैसे असते तर मी घर घेतले असते.' या वाक्यात 'असते' दोन्ही भागांत आहे. दोन्हीकडे सारखे दिसणारे रूप पाहून विद्यार्थी स्पॅनिशमध्येही दोन्हीकडे कंडिशनल लावतो आणि 'सी तेन्द्रीआ दिनेरो' असे लिहितो. प्रमाण स्पॅनिशमध्ये 'जर' या अर्थाच्या सीनंतर कंडिशनल येत नाही. उत्तर स्पेनच्या काही भागांत, उदाहरणार्थ बास्क प्रदेश, नवार्रा आणि बुर्गोसच्या बोलण्यात, तो ऐकू येतो, पण परीक्षेत किंवा औपचारिक लेखनात तो चूकच धरला जातो.

त्याहून मोठी अडचण अशी की वरील मराठी वाक्य आत्ताच्या परिस्थितीबद्दलही असू शकते आणि मागच्याही. स्पॅनिशला हे संदिग्ध ठेवता येत नाही. म्हणून भाषांतर करण्याआधी मराठी वाक्यात 'आत्ता' किंवा 'तेव्हा' हा शब्द घालून पाहावा.

'आत्ता' बसत असेल तर सीच्या भागात इम्परफेक्ट सब्जंक्टिव्ह आणि दुसऱ्या भागात कंडिशनल: सी तुबिएरा दिनेरो, कोम्प्रारीआ ऊना कासा.

'तेव्हा' बसत असेल तर आबेरचे हेच रूप घेऊन त्यापुढे भूतकाळवाचक धातुसाधित जोडावे: सी उबिएरा तेनीदो दिनेरो, आब्रीआ कोम्प्रादो ऊना कासा. या दुसऱ्या प्रकारात उत्तरार्धातही आब्रीआऐवजी उबिएरा चालते. पहिल्या प्रकारात मात्र कंडिशनल ठेवावा.

सगळ्याच जर-तर वाक्यांना हे रूप लागत नाही. शक्य कोटीतील गोष्टीसाठी साधा वर्तमानकाळ वापरतात: सी तेन्गो तिएम्पो, बोय. पूर्वीची सवय सांगायची असेल तर साधा इम्परफेक्ट: सी योबीआ, नो सालीआमोस, म्हणजे पाऊस असला की आम्ही बाहेर पडत नसू. वर्तमान सब्जंक्टिव्ह, म्हणजे 'सी तेन्गा', हे अटीच्या वाक्यात कुठेच बसत नाही.

'कोमो सी' हा मात्र वेगळा आहे. 'जणू काही' या अर्थाच्या या शब्दांनंतर मुख्य क्रियापद वर्तमानात असले तरी इम्परफेक्ट सब्जंक्टिव्हच येतो: आब्ला कोमो सी लो सुपिएरा तोदो, म्हणजे सगळे ठाऊक असल्यासारखा तो बोलतो. 'ओखाला' (असे होवो) या शब्दानंतर दोन्ही सब्जंक्टिव्ह येतात, पण त्यांत फरक आहे. 'ओखाला बेन्गा' म्हणणाऱ्याला तो येईल अशी आशा आहे, 'ओखाला बिनिएरा' म्हणणाऱ्याला ती फारशी नाही.

नम्रपणे काही मागताना 'किसिएरा उन काफे' असे स्वतंत्र वाक्यातही हे रूप येते. तिथे 'केरीआ'ही चालते. 'किएरो' चूक नाही, पण अनोळखी माणसाशी बोलताना ते थोडे रोखठोक वाटते.

## टप्पा ७: उलटी तपासणी

लिहून झाल्यावर प्रत्येक रूपाचा प्रत्यय काढून त्याजागी 'रोन' लावावे आणि तयार झालेला शब्द प्रेटेरिटमध्ये खरोखर आहे का, हे विचारावे. तेनिएरा लिहिले असेल तर तेनिएरोन असा शब्द मिळतो, आणि तो अस्तित्वात नाही हे लगेच लक्षात येते. आब्लेरा लिहिले असेल तर आब्लेरोन मिळते, तेही नाही. परीक्षेत या तपासणीला फार वेळ लागत नाही, आणि या लेखात सांगितलेल्या रूपांच्या बहुतेक चुका तिने सापडतात.

## 'से'ची रूपे कितपत शिकावीत

याच काळाची दुसरी मालिका आहे: आब्लासे, आब्लासेस, आब्लासे, आब्लासेमोस, आब्लासेइस, आब्लासेन. ती त्याच कापलेल्या मुळापासून बनते आणि आघातचिन्ह तिथेही फक्त नोसोत्रोसवर येते. स्पेनमध्ये ती बोलण्यात आणि लेखनात भेटते, लॅटिन अमेरिकेत रोजच्या बोलण्यात क्वचितच. माझ्या मते शिकणाऱ्याने लिहिताना आणि बोलताना सर्वत्र राच वापरावा आणि से वाचताना ओळखता येईल एवढाच सराव करावा. मागणी करताना 'किसिएरा'च्या जागी 'किसिएसे' वापरत नाहीत, हेही राला प्राधान्य देण्याचे एक कारण आहे.

सावधान: स्पॅनिश वर्तमानपत्रांत 'एल के फुएरा प्रेसिदेन्ते' अशी रचना दिसते. तिचा अर्थ 'जे पूर्वी अध्यक्ष होते ते' असा साधा भूतकाळी असतो. वाचताना अर्थ समजून घ्यावा, स्वतःच्या लेखनात ती आणू नये.

## एक वाक्य सुरुवातीपासून शेवटपर्यंत

'पाऊस सुरू होण्याआधी घरी परत या, असे आईने आम्हाला सांगितले होते.'

मुख्य क्रियापद 'सांगितले होते', म्हणजे आबीआ दिचो. ते आज्ञा देते आणि भूतकाळात आहे, म्हणून परतण्यासाठी इम्परफेक्ट सब्जंक्टिव्ह हवा. बोल्बेरचे एयोस रूप बोल्बिएरोन. ते एर गटातले असल्यामुळे ओ फुटत नाही. रोन कापून बोल्बिए, कर्ता आम्ही म्हणून बोल्बिएरामोस, आणि चिन्ह ए या स्वरावर. 'आधी' म्हणजे आन्तेस दे के, त्यामुळे तिथेही सब्जंक्टिव्ह. एम्पेसारचे एयोस रूप एम्पेसारोन, त्यातून एम्पेसा, आणि पावसाचे क्रियापद तृतीयपुरुषी एकवचनात चालते म्हणून एम्पेसारा. हे रूप सेता या अक्षराने आणि चिन्हाशिवाय लिहावे, आणि जोर 'सा'वर द्यावा. पूर्ण वाक्य असे: मि माद्रे नोस आबीआ दिचो के बोल्बिएरामोस आ कासा आन्तेस दे के एम्पेसारा आ योबेर.

आता मुख्य क्रियापद वर्तमानात आणावे, म्हणजे 'आई आम्हाला सांगते' असे करावे. मराठीत 'या' आणि 'होण्याआधी' यांना धक्काही लागत नाही. स्पॅनिशमध्ये मात्र दोन्ही क्रियापदे बदलतात: मि माद्रे नोस दिसे के बोल्बामोस आ कासा आन्तेस दे के एम्पिएसे आ योबेर. एम्पेसारामध्ये शाबूत राहिलेला ए हा स्वर एम्पिएसेमध्ये फुटला आहे आणि सेताच्या जागी से हे अक्षर आले आहे. अशी पाच-सहा वाक्ये रोज दोन्ही काळांत फिरवून लिहावीत, आणि प्रत्येक वेळी मुख्य क्रियापद आधी अधोरेखित करावे.